थायरॉईडच्या रक्ततपासणीआधी कोणत्या गोळ्या थांबवायच्या, किती आधी?

सुरंगी (फोंडा)

येत्या शनिवारी टीएसएच (थायरॉईडला काम लावणारं हार्मोन; थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं की हे उतरतं), फ्री टी४ आणि फ्री टी३ (रक्तातली थायरॉईडची हार्मोन्स) या तपासण्या करायच्या आहेत. घरी येऊन रक्त नेणार, वेळ सकाळी ७ ते ८. सध्या चालू असलेलं सगळं लिहिते:

थायरॉईडची गोळी, लेव्होथायरॉक्सिन (टी४) ७५ मायक्रोग्रॅम, रोज सकाळी ६ वाजता.
केसांसाठी बायोटिन, डबीवर "१०,०००" असं मोठ्या अक्षरात. तेही ६ वाजताच.
पित्तासाठी पँटोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल, तीही त्याच घोटाबरोबर.
लोहाची गोळी ८ वाजता, नाश्ता झाल्यावर.
कॅल्शियम आणि डी३ दुपारी जेवल्यावर.

मागचा रिपोर्ट: टीएसएच ०.१८, फ्री टी४ रेंजच्या वर. त्याआधीच्या दोन्ही वेळी याच डोसवर टीएसएच २ ते ३ च्या मधे होता. बायोटिन त्या दोन तपासण्यांनंतर, मागच्या रिपोर्टच्या आधी सुरू झालं. धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं यातलं काही नाही. डोस कमी करण्याआधी पुन्हा एकदा तपासा असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

लॅबवाला म्हणतो, उपाशी राहा, बाकी काही नको. फार्मसीत म्हणाले, दोन दिवस सगळंच बंद करा. शेजारणीचं म्हणणं, थायरॉईडची गोळी एक दिवस जरी चुकली तरी रिपोर्ट खोटा येतो. नक्की काय थांबवायचं आणि काय थांबवायचं नाही?

कुळागर

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच तर घोळ होतो. गोळ्यांचे दोन गट करा. काही गोष्टी लॅबच्या मशीनला फसवतात. काही गोष्टी पोटात थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाहीत. पहिल्या गटातल्या तपासणीआधी थांबवाव्या लागतात. दुसऱ्या गटातल्या तपासणीपुरत्या थांबवून काहीच साधत नाही, कारण त्यांचा परिणाम आठवडे-महिने साचून टीएसएचमध्ये उतरलेला असतो. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत अंतर रोजच्या रोज ठेवायचं असतं.

तुमच्या यादीत मशीनला फसवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे बायोटिन.

आधी आकडा समजून घ्या. डबीवरचे १०,००० हे मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे १० मिलिग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि तेवढं जेवणातून मिळतं. तुम्ही तीनशेपट घेताय. शरीराला त्याचा त्रास होत नाही, जादा असेल ते लघवीवाटे निघून जातं. पण जाईपर्यंत ते रक्तात फिरत असतं, आणि नेमकं त्याच वेळी रक्त काढलं तर गडबड होते.

कशी, ते सांगतो. बऱ्याच इम्युनोअॅसे (अँटिबॉडी वापरून हार्मोन मोजणाऱ्या) किटमध्ये बारीक चुंबकी मणी असतात. त्यांच्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन लावलेलं असतं, आणि ते बायोटिनला इतकं घट्ट धरतं की सोडवता सुटत नाही. किटवाले याच गुणाचा उपयोग करतात. टीएसएचला पकडणाऱ्या एका अँटिबॉडीला बायोटिनचं शेपूट जोडतात, दुसऱ्या अँटिबॉडीला उजेड देणारं रसायन. टीएसएच दोघींच्या मधे सापडतो, शेपूट मण्याला चिकटतं, चुंबक मणी धरून ठेवतो, बाकीचं धुऊन टाकतात आणि उरलेला उजेड मोजतात. उजेड जास्त तर टीएसएच जास्त. आता रक्तातच मोकळं बायोटिन भरपूर असेल तर मण्यांवरच्या जागा तेच अडवून बसतं. कदंबाच्या बसमध्ये स्टँडवरच सगळ्या सीट भरल्यावर पुढच्या थांब्यावरच्यांचं होतं तसंच. शेपूटवाली अँटिबॉडी पकडलेल्या टीएसएचसकट धुऊन जाते. उजेड कमी, म्हणून टीएसएच खोटा कमी.

टी४ आणि टी३ हे लहान रेणू. त्यांना दोन अँटिबॉडी एकाच वेळी धरू शकत नाहीत, म्हणून तिथे चाचणी उलट्या हिशेबाने चालते: उजेड कमी पडला की हार्मोन जास्त असं मशीन समजतं. म्हणजे एकाच कारणाने टीएसएच खोटा खाली आणि फ्री टी४, फ्री टी३ खोटे वर. कागदावर हुबेहूब हायपरथायरॉईड, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त चालणं. काही किटवर टीएसएच रिसेप्टरच्या अँटिबॉडीही खोट्या वाढलेल्या दिसतात, आणि मग ग्रेव्हज् आजाराचं (हायपरथायरॉईडच्या एका आजाराचं) चित्र पूर्णच होतं. माणूस मात्र ठणठणीत. तुमचा मागचा रिपोर्ट याच साच्यातला दिसतो. खात्री पुन्हा तपासल्यावरच होईल, पण लक्षणं नसताना त्या कागदावर डोस न बदलण्याचा तुमच्या डॉक्टरांचा निर्णय योग्य आहे.

किती आधी थांबवायचं? अमेरिकन थायरॉईड असोसिएशनची शिफारस किमान २ दिवसांची आहे. काही जुन्या किटच्या माहितीपत्रकात, दिवसाला ५ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त बायोटिन घेणाऱ्यांनी शेवटच्या मात्रेनंतर किमान ८ तास थांबावं, एवढंच लिहिलेलं असे. पण प्रत्येकाची मूत्रपिंडं सारख्या वेगाने काम करत नाहीत, आणि ८ तासांच्या काठावर राहण्यात काही फायदा नाही. शनिवारी सकाळी रक्त द्यायचं तर शेवटचं बायोटिन बुधवारी सकाळी. पूर्ण ३ दिवस मिळतात. वाचायला उशीर झाला असेल तर गुरुवारी सकाळची मात्रा ही अगदी शेवटची मर्यादा. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारासाठी दिवसाला १०० ते ३०० मि.ग्रॅ. बायोटिन चालू असेल तर ३ दिवसही कमी पडतात. तिथे आठवडाभराचं अंतर डॉक्टरांना विचारून ठेवावं.

थायरॉईडची गोळी दोन दिवस बंद करू नका. शनिवारची तेवढी रक्त दिल्यावर घ्या.

रतांबा

कुळागर यांनी शेवटच्या ओळीत गुंडाळलं, ते जरा उलगडतो, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

लेव्होथायरॉक्सिनचं अर्धआयुष्य साधारण ७ दिवसांचं. म्हणजे आज गोळी घेतली नाही तरी शरीरातला साठा आठवड्याने निम्मा होईल, उद्या नाही. त्यामुळे एक दिवस गोळी दोन तास उशिरा घेतली किंवा एखादी चुकली तर टीएसएच जागचा हलत नाही. शेजारणींना तेवढं सांगा.

फ्री टी४ चं मात्र वेगळं आहे. गोळी गिळल्यावर २ ते ४ तासांत रक्तातला फ्री टी४ चढतो, काहींच्यात १५-२० टक्क्यांपर्यंत, आणि खाली यायला अर्धा दिवस जाऊ शकतो. तुम्ही ६ ला गोळी घेणार आणि साडेसात-आठला रक्त देणार, म्हणजे आकडा चढणीवर असतानाच पकडला जाणार. डोस बरोबर असूनही फ्री टी४ वरच्या रेषेला टेकलेला किंवा किंचित बाहेर दिसतो. फक्त टीएसएच करायचा असेल तर गोळी आधी की नंतर, याने काही बिघडत नाही. फ्री टी४ असेल तर गोळी नंतर.

टी३ ची म्हणजे लायोथायरोनिनची गोळी चालू असणाऱ्यांना हे आणखी लागू. तिची चढण २ ते ४ तासांतच येते आणि बरीच मोठी असते. सकाळची मात्रा रक्त दिल्यावरच घ्यायची, नाहीतर फ्री टी३ चा आकडा वाचण्यालायक राहत नाही.

तपासणी जवळ आली की राहिलेल्या गोळ्या एकदम भरून काढणारेही असतात. महिनाभर चालढकल, आणि शेवटचे चार दिवस दोन-दोन गोळ्या. अशा वेळी रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला आणि फ्री टी४ नॉर्मल किंवा जास्त, अशी विचित्र जोडी येते. टी४ चार दिवसांत भरतो, टीएसएचला खाली यायला सहा आठवडे लागतात. डॉक्टर ही जोडी लगेच ओळखतात, तेव्हा आधीच खरं सांगून टाकावं.

आता पित्ताची कॅप्सूल. पँटोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतं. लेव्होथायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं. इथे लोक म्हणतात, दोन तासांचं अंतर ठेवतो. त्याने फार फरक पडत नाही, कारण आम्ल दिवसभर कमीच राहतं. इथे करायचं ते एवढंच: कॅप्सूल नव्याने सुरू झाली किंवा बंद झाली की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पाहणं, आणि लागला तर डोस जुळवून घेणं. जोडीला असलेलं डोमपेरिडोन डोपामिनचा टीएसएचवरचा अटकाव उठवतं, त्याने टीएसएच थोडा वर जाऊ शकतो. तुमचा टीएसएच खाली आहे, म्हणजे हे तुमच्या आकड्याचं कारण नाही. शनिवारी सकाळची कॅप्सूल रक्त दिल्यावर घेतली तरी चालते.

मानस (डिचोली)

बायोटिनबद्दल वर लिहिलंय ते सगळ्या मशीनना लागू नाही, हेही सांगायला हवं. ही अडचण बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन जोडीवर चालणाऱ्या किटचीच. काही कंपन्यांच्या चाचण्यांमध्ये ही जोडी नसते, आणि ज्यांच्यात होती त्यांनीही अलीकडच्या किटची सहनशक्ती बरीच वाढवली आहे. लॅबला "तुमच्या टीएसएच किटमध्ये बायोटिनचा अडथळा किती नॅनोग्रॅमपासून येतो" असं विचारलं तर माहितीपत्रकात तो आकडा छापलेला असतो. बिलाच्या काउंटरवर विचारून उपयोग नाही, आतल्या टेक्निशियनला किंवा पॅथॉलॉजिस्टला विचारावं लागतं. आणि मागचं रक्त एका लॅबमध्ये, आताचं दुसऱ्या लॅबमध्ये दिलं तर फरक बायोटिनमुळे पडला की मशीनमुळे, हे कधीच कळणार नाही. तेव्हा लॅब तीच ठेवा, बदल फक्त बायोटिनचा.

उपाशी राहण्याबद्दल: थायरॉईडच्या चाचण्यांना उपाशीपोटाची अट नाही. पण टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. मध्यरात्रीनंतर, साधारण २ ते ४ च्या दरम्यान तो सगळ्यात वर असतो, मग उतरत जातो आणि दुपारी तळाला येतो. पोटभर नाश्त्यानंतरही थोडा उतरतो. ज्यांचा आकडा रेषेच्या आसपास आहे, म्हणजे ४-५ वगैरे, त्यांना सकाळी ७ ला "वाढलेला" आणि दुपारी २ ला "नॉर्मल" असे दोन रिपोर्ट एकाच दिवशी मिळू शकतात. म्हणून प्रत्येक वेळी साधारण तीच वेळ आणि तीच पद्धत. उपाशी तर दर वेळी उपाशी, चहा-पाव खाऊन तर दर वेळी खाऊन.

रात्रपाळी करणाऱ्यांनी हे जास्त सांभाळावं. वेर्ण्याला कारखान्यात किंवा हॉटेलात रात्रभर जागून थेट लॅबमध्ये गेलं तर टीएसएच चढलेला मिळतो, कारण एरवी झोप त्याला दाबून ठेवते. आठवड्याची सुट्टी पाहून, रात्री नीट झोप झाल्यावर द्यावं.

तापातून उठल्या उठल्या चाचणी करू नये. पावसात डेंग्यू किंवा दुसरा कसलाही मोठा ताप येऊन गेला, इस्पितळात राहावं लागलं, की टी३ आणि टीएसएच आजारामुळेच खाली-वर होतात. घाई नसेल तर बरं झाल्यावर ४ ते ६ आठवडे थांबावं. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड मोठ्या मात्रेत चालू असताना टीएसएच दबतो. सीटी स्कॅनला शिरेतून आयोडीनवालं औषध दिलं असेल तर त्याचा परिणाम कित्येक आठवडे राहतो. यातलं काहीही झालं असेल तर डॉक्टरांना सांगा, मनानेच औषध थांबवून बसू नका. स्टेरॉईड तर एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

सुरंगी

बायोटिन आजपासून बंद केलं. पण मग लोह आणि कॅल्शियम? फार्मसीतले म्हणाले ते दोन दिवसांचं यांच्यासाठीच होतं असं मला वाटलं होतं.

रतांबा

लोह आणि कॅल्शियम शुक्रवारपर्यंत नेहमीसारखं घ्या, शनिवारी रक्त दिल्यावर घ्या. ते मशीनला फसवत नाहीत. फक्त त्याच वेळी लोहाचीही तपासणी सांगितली असेल, म्हणजे सीरम आयर्न किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, तर लोहाची गोळी किमान आदल्या दिवशी नको. थायरॉईडपुरतं काही नाही.

पण तुमच्या रोजच्या वेळापत्रकात मोठी चूक आहे. थायरॉईडची गोळी ६ ला आणि लोह ८ ला, म्हणजे दोनच तास. लोह आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि ती जोडी शोषलीच जात नाही. कॅल्शियम कार्बोनेटचं तसंच. दोन्हींना थायरॉईडच्या गोळीपासून ४ तास हवेत. रिकाम्या पोटी गोळीचा साधारण ७० ते ८० टक्के भाग शोषला जातो, खाण्याबरोबर किंवा लोह-कॅल्शियमबरोबर घेतला की तो दिसण्यासारखा खाली येतो.

असं करून बघा. ६ वाजता गोळी, साध्या पाण्याच्या पेल्याबरोबर. ७ च्या आधी चहा नाही, कॉफी तर नाहीच, कॉफीने शोषण कमी होतं. पदेराचा (पाववाल्याचा) भोंगा साडेसहाला वाजला तरी उंडा (पाव) ७ पर्यंत तसाच राहू द्या, तोपर्यंत काय तो शिळा होत नाही. लोह ११ वाजता, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नव्हे. कॅल्शियम दुपारी दीड-दोनला जेवणाबरोबर; कार्बोनेट अन्नाबरोबरच नीट जिरतं. लोह आणि कॅल्शियम एकमेकांपासूनही दोन तास लांब बरे.

नाश्त्याला नाचणीची तिजान घेत असाल तर ती पौष्टिकच आहे. पण नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. एक वाटी तिजानीत पीठ थोडंच असल्याने कॅल्शियमच्या गोळीइतकं कडक अंतर लागत नाही, पण पाऊण तासात नको, तास पुरा होऊ द्या. सोयाचं दूध, सोया चंक्स, इसबगोल यांनाही लांब ठेवा. आम्लपित्ताची गुलाबी औषधं, म्हणजे अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली जेल, आणि अल्सरसाठीचं सुक्राल्फेट यांना ४ तास.

हे सगळं जमत नसेल, तर रात्री झोपताना गोळी घेण्याचा मार्ग आहे. जेवणानंतर किमान ३ तास झालेले हवेत. साडेसातला जेवलात तर साडेदहाला गोळी. मात्र रात्री इसबगोल घेणाऱ्यांनी किंवा कॅल्शियम रात्री घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. रात्री गोळी घेणारे सकाळी रक्त द्यायला सरळ जाऊ शकतात, आठ-दहा तास झालेले असतात, फ्री टी४ चं शिखर मागे पडलेलं असतं.

एक लक्षात ठेवा. लोहाचं अंतर आता सुधारलंत की तीच ७५ ची गोळी आधीपेक्षा जास्त शोषली जाईल. म्हणून शनिवारच्या रिपोर्टवर समाधान मानू नका, नवं वेळापत्रक सुरू केल्यापासून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायला लागेल. हे डॉक्टरांच्या कानावर घाला. शनिवारच्या आधी वेळा बदलू नका असं मी म्हणणार नाही; तीन दिवसांत टीएसएच बदलत नाही.

कुळागर

रतांबा यांच्या वेळापत्रकाला माझं एक जोडकाम. शनिवारी रक्त दिल्यावर गोळी घ्यायची आणि मग तास थांबायचं, हे लक्षात राहत नाही. घरी कलेक्शन असेल तर ठीक. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा म्हापशाच्या, मडगावच्या जिल्हा इस्पितळात जाणाऱ्यांनी गोळी कागदात बांधून बरोबर न्यावी. रांगेत किती वेळ जाईल सांगता येत नाही. रक्त देऊन झालं की तिथेच पाण्याबरोबर घ्यायची, बाहेरच्या टपरीवरचा चहा त्यानंतर अर्धा ते एक तासाने.

मधुमेहाची तपासणीही त्याच दिवशी असेल तर क्रम असा: उपाशीपोटीचं रक्त, लगेच थायरॉईडची गोळी, अर्ध्या-एक तासाने नाश्ता आणि मधुमेहाचं औषध जसं सांगितलं असेल तसं, आणि नाश्त्याचा पहिला घास घेतल्यापासून २ तासांनी दुसरं रक्त. घड्याळ पहिल्या घासापासून, रक्त दिल्यापासून नव्हे.

आणि अर्जावर लिहा. लॅबच्या फॉर्मवर डॉक्टरांच्या नावाखाली जागा असते, तिथे: "लेव्होथायरॉक्सिन ७५, शेवटची मात्रा शुक्रवार सकाळी ६, बायोटिन १० मि.ग्रॅ., शेवटची मात्रा बुधवार सकाळी ६." पॅथॉलॉजिस्टला विचित्र आकडा दिसला तर या एका ओळीमुळे तो शंका घेऊ शकतो, नाहीतर मशीनने दिलेलं तसंच छापून जातं.

रिपोर्ट आल्यावर एकक बघा. फ्री टी४ काही लॅब नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही पिकोमोल प्रति लिटरमध्ये. १ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १२.८७ पिकोमोल प्रति लिटर. १.२ आणि १५.४ हा एकच आकडा आहे, दहापट वाढला म्हणून घाबरायचं नाही.

अबोली

याच धाग्यात विचारते. माझ्या जाऊबाई कार्बिमॅझोलवर आहेत, हायपरथायरॉईड. त्यांनी सकाळची गोळी थांबवायची का? आणि केसांच्या गमीज् म्हणून मिळतात त्यांतही बायोटिन असतं का?

मानस (डिचोली)

कार्बिमॅझोल चालू राहू द्या. त्याचा काम करण्याचा मार्ग वेगळा, ते ग्रंथीतली नवी निर्मिती थांबवतं. सकाळची गोळी घेऊन रक्त दिलं तरी आकडा बदलत नाही. त्यांच्या बाबतीत लक्षात ठेवायची गोष्ट ही, की टी४, टी३ जागेवर आले तरी टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिनेही दबलेला राहतो. पहिल्या काही महिन्यांत फक्त टीएसएच करून डोस ठरवता येत नाही, फ्री टी४ आणि टी३ हवेतच. ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर थायरॉईडची चाचणी बाजूला ठेवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात.

गमीज् मध्ये असतं, आणि बहुतेक वेळा भरपूर. "हेअर, स्किन, नेल्स" असं नाव असलेलं काहीही असो, मागच्या बाजूचा तक्ता वाचा. बायोटिन, व्हिटॅमिन बी७, व्हिटॅमिन एच, ही तिन्ही नावं एकाच वस्तूची. साध्या बी-कॉम्प्लेक्स किंवा मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते मायक्रोग्रॅमच्या शंभराच्या घरात असतं, त्याने फरक पडत नाही. ५,००० किंवा १०,००० दिसलं की बंद. अंडं, शेंगदाणे, मासे यांतलं बायोटिन अगदीच थोडं, हुमण-भात बिनधास्त खा.

अश्वगंधाही लोक सहज घेतात. तिने काहींचा टी४ खरोखरच वाढतो, तो मशीनचा घोटाळा नसतो. हायपरथायरॉईड असलेल्यांनी तिच्यापासून दूरच राहावं. समुद्री शेवाळाच्या म्हणजे केल्पच्या कॅप्सूलमध्ये आयोडीन प्रचंड असू शकतं, तेही नको.

रतांबा

बायोटिनबद्दल थायरॉईडच्या बाहेरची एक गोष्ट सांगून ठेवतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि मग २०१९ मध्ये पुन्हा इशारा दिला, तो मुख्यतः ट्रोपोनिनबद्दल होता. छातीत दुखून इस्पितळात गेल्यावर हृदयविकार ओळखायला जी चाचणी करतात तीही याच साच्याची असू शकते, आणि बायोटिनने ती खोटी कमी येते. तिथे "दोन दिवस थांबून या" असं म्हणायला वेळ नसतो. घरात कोणी मोठ्या मात्रेत बायोटिन घेत असेल तर कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या ते सांगा.

सुरंगी, शनिवारी बायोटिनशिवायही टीएसएच दबलेलाच आला तर तो खरा समजायचा. मग आधी डबी बघा. ७५ च्या जागी १०० ची डबी हातात पडलीय का? एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या ताकदीच्या डब्या काउंटरवर शेजारी शेजारी असतात आणि झाकणाचा रंग बघून घेणारे फसतात. ब्रँड बदलला असेल तरीही ६ आठवड्यांनी तपासणी लागतेच. आणि डबी स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका. जूनपासून चार महिने आपल्याकडे मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं, ही गोळी तर उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींना नाजूक. झाकण घट्ट, आतली सिलिकाची पुडी आतच, आणि कोरड्या कपाटात. त्याने गोळी अशक्त होते, म्हणजे टीएसएच वर जातो, तुमच्या उलट. पण पाऊस येतोच आहे म्हणून सांगितलं.

अबोली

आणखी एक, पोटात बाळ असेल तर?

कुळागर

तर वाट बघायची नाही. लेव्होथायरॉक्सिनवर असलेल्या बाईला गरोदरपण कळल्याबरोबर डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. डॉक्टर पुष्कळदा आठवड्याला दोन गोळ्या जादा असंच सांगतात, म्हणजे सातच्या नऊ. पहिल्या निम्म्या गरोदरपणात दर ४ आठवड्यांनी टीएसएच. त्या काळात लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू होतात, आणि अंगणवाडीतून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात तेव्हा ४ तासांचं अंतर कोणी सांगेलच असं नाही. तेवढं स्वतः सांभाळायचं. बाकी रक्त देण्याची पद्धत तीच: बायोटिन बंद, त्या सकाळची गोळी नंतर.

सुरंगी

समजलं. बुधवारी सकाळी शेवटचं बायोटिन झालंय. शुक्रवारी रात्री दहानंतर पाणी प्यायलं तर चालेल ना?

मानस (डिचोली)

हवं तेवढं प्या. शीर सापडायला बरं पडतं.